धोक्याची कुणकुण

बोगद्यात सुरुंग उडाला, धूर निवळला, की पहिला माणूस आत जातो तो हातात लांब पहार घेऊन. छताला ठोकायचे आणि कान द्यायचा. खणखणीत वाजले तर खडक धड आहे. बद्द वाजले तर त्या तुकड्यामागे पोकळी आहे. तो आत्ताच पाडून घ्यायचा, नाहीतर तो आपल्या वेळेने कुणाच्या तरी डोक्यावर येईल. माठ विकत घेताना टिचकी मारून पाहणाऱ्या बाईचे आणि या माणसाचे शास्त्र एकच आहे. खाणीत आणि बोगद्यात राबलेल्या जुन्या पिढ्यांना लोखंडी टेकूपेक्षा लाकडी टेकू बरा वाटे, त्याचेही कारण आवाजातच होते. लाकूड मोडण्याआधी करकरते, पळायला दोन क्षण देते. लोखंड बहुधा गप्प राहते आणि एकदम वाकते.

आज मुंबईच्या पोटातल्या भुयारांत आणि उंच इमारतींच्या साइटवर हे ऐकण्याचे काम आगपेटीएवढी उपकरणे करतात. ऐकलेले ती बिनतारी लहरींवरून क्षणात दूरच्या पडद्यावर पोहोचवतात. या उपकरणांमागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याआधीच्या बहिरेपणाचा इतिहास त्याहून मोठा आहे. धोक्याची कुणकुण कुणाला लागली, ती कुणापर्यंत गेली आणि कुठे अडली, हे त्यात पाहत गेले की बांधकामावरच्या मृत्यूंकडे ‘अपघात’ म्हणून पाहणे अवघड होते. मराठी माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बोरघाटापासून सुरुवात करता येते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम 1856 च्या आरंभी हाती घेतले. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढायचे होते, 25 बोगदे फोडायचे होते. कड्यावर जिथे पाय टेकायला जागा नव्हती तिथे माणसांना वरून दोराने खाली सोडत. लोंबकळत राहून त्यांनी खडकाला भोके पाडायची, त्यात दारू ठासायची. घाटात राबणाऱ्यांत बायका होत्या, पोरेही होती. 1861 च्या जानेवारीत या घाटात 42,000 माणसे एकाच वेळी राबत होती. पहिला ठेकेदार विल्यम फेव्हिएल 1859 मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने अभियंते नेमून तो ठेका तडीस नेला. 21 एप्रिल 1863 रोजी मार्ग खुला झाला.

किती माणसे गेली? खडक किती फोडला, चढ किती, कमानी किती, याचे आकडे मिळतात. माणसांचे मात्र अंदाजच आहेत. ते हजारोंत आहेत, काही तर वीस हजारांच्या पलीकडे जातात. कॉलरा आणि तापाने मेलेले त्यांत सर्वाधिक असावेत. सुरुंगाने, दरडीने, दोर तुटून मेलेले किती हे वेगळे काढायला साधन नाही. घाटाची वाट साहेबाला दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा आणि त्याचे देऊळ घाटात आजही आहे. एवढ्या हजारोंमधून लोकांच्या आठवणीत राहिले ते हे एक नाव, आणि तेही कथेतले.

1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून घाटातले मजूर खवळले, दंगा झाला, एक युरोपीय मारला गेला. सरकार हलले. पुढच्याच वर्षी रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरांचे आणि मालकांचे तंटे झटपट मिटवण्यासाठी कायदा झाला. तो मजुरीविषयी होता. दोराला लोंबकळणाऱ्याच्या जिवाविषयी कायदा व्हायला अजून फार काळ जायचा होता.

मार्ग सुरू झाल्यावर चार वर्षांनी, 1867 च्या जुलैत, याच घाटातला एक कमानींचा दगडी पूल कोसळला. दगडकाम निकृष्ट होते. दगड सुटतात, चुना निघतो, कमान फाकते, हे एका रात्रीत घडत नाही. पण ते मोजावे, रोज मोजावे, आणि मोजलेले कुणाला तरी कळवावे, अशी रीतच नव्हती.

गवंड्याकडे तेव्हाही साधने होती. ओळंबा भिंत कललेली आहे का ते सांगतो, पाणसळ तळ समतल आहे का ते सांगते. जुन्या इमारतींच्या डागडुजीत आणखी एक युक्ती सर्रास वापरात होती, अजूनही आहे. भेगेवर काचेची छोटी पट्टी आडवी चिकटवायची आणि तारीख लिहून ठेवायची. भेग वाढली की काच तडकते. किती वाढली ते काच सांगत नाही, कधी वाढली तेही नाही. भेग जिवंत आहे एवढेच कळते. पण साधी, स्वस्त आणि खोटे न बोलणारी अशी ही वस्तू आहे. आजच्या महागड्या भेगमापकाची ती आजी म्हणायला हरकत नाही.

काच सांगत नव्हती ते सांगू शकणारे साधन 1931 मध्ये फ्रान्समध्ये आले. आंद्रे कॉयन हे तिथले मोठे धरणकार. पोलादाची ताणलेली तार काँक्रीटमध्ये बसवून ठेवायची, तिला विद्युतचुंबकाने छेडायचे आणि तिचा सूर ऐकायचा, ही कल्पना त्यांनी पेटंट करून घेतली. तंबोऱ्याची खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. काँक्रीट दबले की तार सैल होते, ताणले गेले की तार ताणते. सूर किती चढला-उतरला यावरून भिंतीच्या पोटात काय चालले आहे ते बाहेर बसून कळते. सुरुवातीला हे खरोखर कानाने ऐकत, जवळच्या प्रमाण तारेच्या सुराशी जुळवून पाहत. कॉयन यांनी या तारेला दिलेल्या नावाचा अर्थच ‘नाद करणारा साक्षीदार’ असा आहे. ही युक्ती इतकी पक्की निघाली की कंप पावणाऱ्या तारेची उपकरणे आजही धरणांत, बोगद्यांत, मेट्रोच्या खड्ड्यांत बसवली जातात. सूर ऐकण्याचे काम आता माणसाचा कान करत नाही, एवढाच फरक.

या माणसाच्या वाट्याला पुढे जे आले ते वाचताना जीव कळवळतो. दक्षिण फ्रान्समधले मालपासेचे कमानी धरण कॉयन यांच्याच आराखड्याचे होते. 2 डिसेंबर 1959 च्या रात्री ते फुटले आणि फ्रेझ्यूस गावाच्या बाजूला चारशेहून अधिक माणसे मेली. धरणाच्या डाव्या बाजूचा खडक सरकला होता. पाणी भरभर चढत असताना ते सोडायला उशीर झाला, कारण खालच्या अंगाला महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते आणि त्याला धक्का लागू द्यायचा नव्हता. जगाला धरणाचा आवाज ऐकायला शिकवणाऱ्याच्या या धरणाची तपासणी मात्र अधूनमधून होणाऱ्या बाह्य मोजमापांवरच चालत होती. खडकाच्या पोटातली हालचाल सांगणारे काही तिथे नव्हते. कॉयन त्यानंतर वर्षभरातच वारले.

मालपासेनंतर पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, तोच पुण्यावर पानशेत कोसळले.

पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरते झालेलेही नव्हते. 1961 च्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच पाणी भरले. धरणाच्या पोटातून पाणी सोडण्याच्या नळमार्गाची दारे पूर्ण बसली नव्हती. त्यातून धडधडत निघालेल्या पाण्याने तो नळमार्ग हादरत राहिला, त्याचे काँक्रीट फुटले, आणि वरची माती खचू लागली. खचणारी माती तिथल्या माणसांना डोळ्यांनी दिसली. लष्कराचे जवान आले, त्यांनी रात्रभर पावसात वाळूची पोती रचली. 12 जुलैच्या सकाळी धरण गेले. पाठोपाठ खडकवासलाही फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

पानशेतचा विचार करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. धरणावर धोका कळला होता, आणि तो काही तास आधी कळला होता. धरण आणि शहर यांच्यात चाळीसेक किलोमीटर अंतर होते. जवानांनी पोती रचून जो वेळ मिळवून दिला, तो शहराला धडपणे कळवण्याच्या कामी आला नाही. ठाम, अधिकृत, घरोघर पोहोचणारी सूचना वेळेवर आली नाही, ही त्या पिढीतल्या पुणेकरांची तक्रार शेवटपर्यंत राहिली. पाणी दारात आल्यावरच अनेकांना पूर कळला. ज्या शहराशेजारी खडकवासल्याला, 1916 मध्ये सुरू झालेली, पाण्याचे आणि धरणांचे संशोधन करणारी संस्था उभी होती, त्या शहराची ही गत झाली. ज्ञान आणि निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याने फार मोठी किंमत मोजून पाहिले.

त्याच संस्थेच्या क्षेत्रातली पुढची घटना वेगळ्या जातीची आहे. कोयनेचा जलाशय 1962 नंतर भरू लागला तशी जमीन हादरू लागली. भूकंपमापक यंत्रे बसली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा धक्का आला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेहून अधिक लोक मेले. धरण तडकले, पण उभे राहिले. आणि धरणाच्या पोटातल्या गॅलरीत ठेवलेले एक यंत्र त्या सगळ्या थरथराटात आपले काम करत राहिले. काँक्रीटच्या धरणाला प्रत्यक्ष भूकंपात किती आणि कसा हादरा बसतो याची त्याने उमटवलेली रेघ जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासली. धरणाचे गणिती प्रारूप तपासायचे तर कोयनेच्या नोंदीवर, असा प्रघातच पडला. त्या पहाटे मेलेल्यांना त्या रेघेचा उपयोग नव्हता. पुढे बांधल्या गेलेल्या असंख्य भिंतींना झाला.

मोजत मोजत बांधायचे, ही विचारपद्धती याच सुमारास शास्त्र म्हणून मांडली गेली. राल्फ पेक हे अमेरिकी अभियंते तरुणपणी, 1939 च्या सुमारास, शिकागोच्या भुयारी रेल्वेच्या कामावर कार्ल टर्झागी यांच्या हाताखाली होते. खोल खड्ड्याच्या बाजू तोलून धरणाऱ्या आडव्या टेकूंवर प्रत्यक्षात किती भार येतो, ते त्यांनी जागेवर मोजून पाहिले. कागदावरचे गणित आणि मातीचे वागणे यांत फरक निघाला. 1969 मध्ये लंडनच्या रँकिन व्याख्यानात पेक यांनी त्याला नेमके रूप दिले. जमीन कशी वागेल याचा अंदाज बांधा, बांधताना सतत मोजा, आणि अंदाज चुकला तर काय करायचे ते आधीच ठरवून ठेवा. या तिसऱ्या अटीवर त्यांचा विशेष जोर होता. ती गाळली की उरते ती नुसती आशा.

मोजायचे राहून गेले तर काय होते, हे 27 एप्रिल 1978 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला दिसले. वीजकेंद्राचा प्रचंड शीतक मनोरा बांधला जात होता. पद्धत अशी, की रोज काँक्रीटचा एक वेढा ओतायचा आणि परांची आदल्या दिवशीच्या वेढ्याला टांगायची. म्हणजे माणसे कालच्या काँक्रीटला लोंबकळून आजचे काँक्रीट ओतत. हवा थंड होती. थंडीत काँक्रीट सावकाश घट्ट होते, हे कोणताही गवंडी सांगेल. त्या सकाळी कालचा वेढा सुटला आणि परांची मनोऱ्याभोवती गोल फिरत सोलल्यासारखी खाली आली. सुमारे 50 मीटर उंचीवरून 51 जण पडले. एकही वाचला नाही. सरकारी चौकशीत निघाले, की त्या वेढ्यात पुरेसे बळच आले नव्हते.

काँक्रीटचे बळ त्याने किती वेळ किती ऊब खाल्ली यावर ठरते, हे सूत्र तेव्हा ठाऊक होते. त्यासाठी फक्त काँक्रीटच्या आतले तापमान तासातासाला नोंदवावे लागते. विलो आयलंडनंतर या पद्धतीला चालना मिळाली आणि 1987 मध्ये अमेरिकेत तिचे मानक निघाले. आज सळईला बांधून काँक्रीटमध्ये गाडून टाकायचा सेन्सर मिळतो. तो आतूनच तापमान कळवतो आणि सेंटरिंग कधी काढता येईल ते फोनवर दिसते. आपल्याकडे स्लॅब पडल्याच्या बातम्यांत ‘सेंटरिंग लवकर काढले’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की या एका स्वस्त वस्तूने किती घरांतली माणसे वाचतील असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

यंत्रे आहेत, नोंदी आहेत, तरीही माणसे मेली, असेही घडले आहे. सिंगापूरमध्ये 20 एप्रिल 2004 रोजी निकोल महामार्गालगत मेट्रोसाठी सुमारे 30 मीटर खोल खणलेला खड्डा कोसळला. सहा पदरी रस्ता खचला, चार जण मेले. ही जागा उपकरणांनी भरलेली होती. खड्ड्याची भिंत आत किती झुकली ते सांगणाऱ्या नळ्या जमिनीत होत्या, टेकूंवर भारमापक होते. भिंत झुकत होती आणि उपकरणे ते इमानेइतबारे सांगत होती. ठरलेली मर्यादा ओलांडली तेव्हा गणित पुन्हा मांडले गेले आणि मर्यादाच वर सरकवली गेली. तीही ओलांडली, तेव्हा पुन्हा सरकवली. शेवटी भिंत 400 मिलिमीटरहून जास्त आत आली होती. त्या दिवशी सकाळपासून खड्ड्यात धाडधाड आवाज येत होते. टेकू आणि आडव्या तुळया यांचे सांधे वाकत होते. काम चालूच राहिले. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळे खाली गेले. तिथल्या एका फोरमनने आपल्या माणसांना आधी बाहेर काढले. तो स्वतः निघू शकला नाही आणि त्याचा मृतदेह अखेरपर्यंत सापडला नाही.

बोरघाटात कुणी मोजत नव्हते. सिंगापुरात सगळे मोजले गेले होते. मोजणाऱ्याच्या हाती काम थांबवण्याचा अधिकार होता का, आणि आकडा कामाच्या मुदतीच्या आड आला तेव्हा कोण जिंकले, हे दोन प्रश्न चौकशीतून वर आले. त्यानंतर त्या शहराने खोल खोदकामाचे नियम पार बदलले. निरीक्षण आणि ठेका यांचे हितसंबंध एकाच हाती असू नयेत, ही जाणीव जगभर पक्की होत गेली ती अशा घटनांमधून.

आणखी एक अडचण वेळेची होती. आकडे घ्यायला माणूस जायचा, वहीत लिहायचा, कार्यालयात तक्ता व्हायचा, अभियंत्यापुढे दुसऱ्या दिवशी यायचा. माती दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. इथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला बदल निर्णायक ठरला, आणि त्याची मुळे बांधकामाच्या बाहेर आहेत. मोटारीच्या एअरबॅगसाठी 1990 च्या दशकात सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले गतिमापक आले, पुढे ते मोबाइल फोनमध्ये गेले आणि कवडीमोल झाले. तीच चिप भिंतीवर डकवली की झुकाव सांगते, टॉवर क्रेनवर लावली की हादरे सांगते, कामगाराच्या हेल्मेटमध्ये बसवली की तो पडला हे सांगते. दुसरी गोष्ट रेडिओची. फ्रान्समधल्याच ग्रेनोबल शहरात एका छोट्या कंपनीने अगदी थोड्या विजेवर काही किलोमीटर संदेश पाठवणारी बिनतारी पद्धत काढली. 2012 मध्ये ती कंपनी एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली आणि ही पद्धत जगभर पसरली. एका बॅटरीवर काही वर्षे चालणारा, वायर न लागणारा सेन्सर शक्य झाला तो यामुळे. धुळीच्या, चिखलाच्या, रोज रूप बदलणाऱ्या साइटवर वायर टिकत नाही. जेसीबीचा पहिला घास तीच असते.

मुंबईची मेट्रो 3 ही या सगळ्याची आपल्याकडची मोठी परीक्षा होती. कुलाबा ते सीप्झ साडेतेहतीस किलोमीटर. वैतरणा, वैनगंगा, सूर्या अशा नद्यांची नावे दिलेली बोगदायंत्रे शहराच्या सर्वांत जुन्या, सर्वांत नाजूक वस्तीखालून गेली. वर गिरगावच्या चाळी, फोर्टातल्या दगडी इमारती, अग्यारी. रस्त्याने जाणाऱ्याला भिंतींवर छोट्या चकत्या, चमकते आरसे, पेट्या दिसत. ते खचणमापक, झुकावमापक, भेगमापक आणि कंपनमापक होते. 2018 च्या ऑगस्टमध्ये फोर्टातल्या जे. एन. पेटिट संस्थेच्या जुन्या इमारतीच्या माथ्यावरचा दगडी भाग कोसळला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. काम थांबले. जमीन किती हादरते आणि इमारतीला किती हादरा सोसवेल यावर न्यायालयात युक्तिवाद झाले. मिलिमीटर-प्रतिसेकंद हे कंपनाचे एकक वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंत आले. दगडी वास्तूंच्या वतीने बोलायला नागरिक होते, वकील होते, तज्ज्ञ होते, आणि ते योग्यच झाले. खाली भुयारात उभ्या माणसाच्या वतीने इतक्या मोठ्याने बोलणारे फार थोडे असतात.

त्याच्यासाठी कायदा आला. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा 1996 मध्ये झाला, 1998 मध्ये त्याचे नियम आले. बोरघाटाच्या दंग्यानंतर सुमारे 140 वर्षांनी. क्रेनवर भाराची सीमा ओलांडली की आपोआप सूचना देणारा दर्शक हवा, हे त्या नियमांत होते. 500 किंवा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी हवेत, हेही होते. कागद बरा होता. पण 2023 चा जुलै संपून ऑगस्ट लागता-लागता, मध्यरात्रीच्या सुमारास, शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर बसवणारी अजस्र यंत्रणा कोसळली आणि 20 जण मेले. त्यांतले बहुतेक दूरच्या राज्यांतून आलेले होते.

आपल्या साइटवर काम करणारा माणूस झारखंडचा असतो, बंगालचा, बिहारचा, मराठवाड्याचा असतो. नाक्यावरून त्या दिवसापुरता आलेला बिगारी तर नोंदवहीतही धड नसतो. त्याला जागा कळवणारा टॅग लावलेले हेल्मेट मिळत नाही, म्हणजे पडद्यावर तो ठिपका म्हणूनही दिसत नाही. इशारा इंग्रजी ईमेलने व्यवस्थापकाच्या फोनवर जातो. खाली वाळू चाळणाऱ्या बाईपर्यंत तो भोंग्याने, दिव्याने, तिच्या भाषेत गेला नाही, तर पानशेत आणि पुणे यांच्यातले चाळीस किलोमीटर याच साइटच्या चार मजल्यांत पुन्हा उभे राहतात. भोंगा उगाचच दहा वेळा वाजला तर अकराव्या वेळी कुणी मान वर करत नाही, आणि काही ठिकाणी तो बंदच करून ठेवला जातो. टॅग लावलेल्या कामगाराचीही एक रास्त शंका असते. आपण धोक्याच्या जागी गेलो हे त्या टॅगने कळते, तसे आपण बिडी ओढायला किती वेळ बसलो हेही कळते. जीव राखायला दिलेली वस्तू मजुरी कापायला वापरली गेली की तो ती काढून खिशात ठेवतो. यंत्र घेण्याआधी या गोष्टी कामगारांच्या प्रतिनिधींसमोर बसून ठरवाव्या लागतात. जिथे ठरवलेल्या नसतात तिथे उपकरणांचा खर्च वाया जातो.

यंत्र आणि माणूस यांची सांगड कोकण रेल्वेवर दिसते. तिचा मार्ग बांधताना 74 जण गेले. रत्नागिरी स्थानकाजवळ त्यांचे स्मारक आहे. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण चिकट मातीतून आणि पाण्यातून जाणारा. तो पुन्हा पुन्हा ढासळला, त्याने वर्षे खाल्ली आणि माणसेही. संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी सुरू झाला. 2020 च्या ऑगस्टमध्ये याच पेडणे बोगद्याची भिंत पुन्हा ढासळली आणि गाड्या वळवाव्या लागल्या.

आता या मार्गावर पावसाळ्यात पानवलच्या उंच पुलावर, मांडवीवर, झुआरीवर, शरावतीवर वारामापक फिरत असतात. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांना पुराची सूचना देणारी यंत्रे आहेत. काही स्थानकांत पाऊस आपोआप नोंदला जातो. जोर वाढून समोरचे दिसेनासे झाले की गाडीचा वेग 40 किलोमीटरवर आणायचा असा नियम आहे. आणि एवढे असूनही दर पावसाळ्यात शेकडो गस्तवाले रुळांवर चालत असतात. धोकादायक कटिंगपाशी तर चोवीस तास पहारा असतो. दरडीवरून एखादा दगड घरंगळला, माती ओघळली, झाड वाकले, तर ते त्यांना दिसते, ऐकू येते. मार्गावर साधारण दर किलोमीटरला संपर्काचे खोके आहे. गस्तवाला त्यात आपला फोन जोडतो आणि पुढच्या स्थानकाला सांगतो, गाडी थांबवा.